मालवणचं आणि रत्नागिरीचं शेवाळ एकाच घराण्यातलं असतं का?

तुमचं म्हणणं असं की समुद्र सगळा एकच, मग दोन्हीकडच्या खडकांवरचं शेवाळ आपोआप मिसळत असणार. मी पुण्यात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं, समुद्र गाठला तो सुट्टीतच. तरी राहवत नाही म्हणून लिहितो.

आधी किलोमीटर विसरा. शनिवारवाड्याहून स्वारगेटला बाजीराव रोडने सरळ जाता येतं, परतताना शिवाजी रोड धरावा लागतो. समुद्रातही रस्ते एकमार्गीच, फक्त परतीचा शिवाजी रोड असेलच असं नाही. त्यातून दिशा ऋतूप्रमाणे बदलते. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे. शेवाळाचा खरा बहर पावसानंतरचा, थंडीतला. त्यामुळे मालवणहून रत्नागिरीकडे देणं जास्त आणि घेणं कमी, असा माझा तर्क.

पण सगळं श्रेय प्रवाहाला देऊ नका. बीजाणू तगतात काही तास, फार तर काही दिवस. तेवढ्यात खडक मिळायला हवा, पुळणीवर पडले की संपलं. आणि कोकणात खडक, पुळण, मग खाडीचं मचूळ पाणी, अशीच रांग. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या सामुद्रधुनीत राक्षसी केल्प या उंच वाढणाऱ्या तपकिरी शेवाळाचा अभ्यास झाला, तेव्हा दोन ठिकाणचा जनुकीय फरक नकाशावरच्या अंतरापेक्षा पाण्याला तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेशी जास्त जुळला. केल्पची वनं सलग आहेत की तुटक, यानेही फरक पडतो.

मालवणला ओहोटीच्या वेळी सरगॅसम नावाच्या शेवाळाची वाहून आलेली एक फांदी उचलली होती. तपकिरी, खरखरीत, आणि जागोजागी मिरीएवढे हवेचे फुगे. चिमटीत दाबला की फट्! या शेवाळाची पोरं एरवी आईपासून दोन-चार हातांवरच रुजतात. मात्र फळलेली फांदी लाटेने तुटली, तर फुग्यांवर तरंगत गावंच्या गावं ओलांडते. दक्षिण महासागरातलं बुल केल्प तर असंच २०,००० किलोमीटरहून जास्त तरंगत गेलेलं २०१७ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर सापडलं.

तेव्हा कुठलं शेवाळ, ते आधी सांगा. सरगॅसम असेल तर दोन्हीकडचं मिसळत असावं. फुगे नसलेल्या लाल शेवाळाला मात्र मधली प्रत्येक पुळण नडते, त्याला खडकाखडकाने, पिढी दर पिढी सरकावं लागतं.