वाचकांचे प्रश्न : लोरिओ, एक कडक अंडं आणि बाथटबमधले दोन साहेब

गेल्या अंकात जर्मन शिकणाऱ्यांनी काय काय बघावं ते लिहिताना मी लोरिओ या जर्मन विनोदकाराचं नाव जेमतेम एका ओळीत घेतलं होतं, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की आजचा अख्खा कॉलम त्याचाच. मला तर आनंदच झाला, माझा फार जीव आहे या माणसावर.

प्रश्न : पुण्यात जर्मनची बी-वन ही मधली पातळी करतेय. सरांनी एक कार्टून दाखवलं, नवरा-बायको नाश्त्याला बसलेत, नवरा म्हणतो अंडं कडक झालंय आणि तिथून जे सुरू होतं ते संपतच नाही. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. आम्हाला शब्द सगळे कळले पण हसू काही आलं नाही. त्यात एवढं काय आहे?

शब्द सगळे कळले ना, मग अर्धं काम झालंय. आता परत बघ आणि या वेळी शब्द सोडून दे, फक्त आवाज ऐक. नवरा एकदाही ओरडत नाही. बायको म्हणते मी रोज साडेचार मिनिटंच उकळते, तो विचारतो घड्याळ लावून का, ती म्हणते अंदाजाने, बाईमाणसाला कळतंच ते, आणि तो शांतपणे म्हणतो की तुझ्या अंदाजात कुठेतरी गडबड असेल. झालं, आता अंडं राहिलं बाजूला आणि सगळा संसारच ताटात आला. शेवटी तो एकटाच पुटपुटतो की मी हिचा जीव घेणार, उद्याच घेणार, आणि तेही अगदी साध्या सुरात, दूध आणायला जातो म्हणावं तसं.

लोरिओच्या सगळ्या कामात हेच सापडतं. त्याची माणसं सभ्य असतात, वाक्यं पूर्ण करतात, रीतभात सोडत नाहीत, आणि आतून फुटायला आलेली असतात. यासाठी त्याचं ते बाथटबचं कार्टून बघच. हॉटेलच्या एकाच टबमध्ये दोन अनोळखी पुरुष बसलेत, अंगावर कपडा नाही, भांडण चाललंय की रबराचं बदक पाण्यात घ्यायचं की नाही, आणि तरी सगळा वेळ एकमेकांना हेर (म्हणजे श्रीयुत) डॉक्टर, हेर अमुक, पूर्ण अहो-जाहो! इंग्रजी सबटायटलमध्ये दोघंही नुसते 'यू' होतात आणि मजाच जाते. आपल्याकडे मात्र 'तुम्ही' आहे ना. अहो म्हणत म्हणत केलेलं भांडण अरे-तुरेच्या भांडणापेक्षा किती जास्त बोचतं ते मराठी घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. म्हणून मला खरंच वाटतं की लोरिओ आपल्याला इंग्रजीतून समजून घेणाऱ्यांपेक्षा लवकर कळेल, फक्त मधे इंग्रजी आणू नका.

प्रश्न : लोरिओ हे जर्मन नाव वाटत नाही. हा माणूस मुळात कोण, आणि वयाने पाहता युद्धात होता का?

खरं नाव व्हिको फॉन ब्यूलो. जुनं सरदारी घराणं, जन्म १२ नोव्हेंबर १९२३ चा, ब्रांडनबुर्ग आन डेर हाफेल या गावचा. घराण्याच्या चिन्हावर एक पक्षी आहे, तोच आपला हळद्या, आणि हळद्याला फ्रेंचमध्ये म्हणतात लोरिओ. चित्रांवर सही करायला त्याने ते नाव घेतलं आणि पुढे तेच चिकटलं.

आई तो लहान असतानाच गेली, त्याला आजी आणि पणजीने सांभाळलं. आणि हो, युद्धात होता, तीन वर्षं रशियाच्या आघाडीवर अधिकारी म्हणून. त्याचा एकुलता धाकटा भाऊ १९४५ मध्ये लढाईतच गेला. पुढे कितीतरी वर्षांनी त्याला विचारलं होतं की तुम्ही चांगले सैनिक होतात का, तर त्याचं उत्तर अशा अर्थाचं होतं की पुरेसा चांगला नव्हतो, असतो तर २० जुलै १९४४ ला हिटलरविरुद्ध उठलेल्यांमध्ये असतो. आणि जर्मनीने जगाचं जे केलं त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल असंही म्हणाला. हे वाचल्यापासून त्याची विनोदातली ती चकचकीत बूट घातलेली शिस्तीची माणसं मला वेगळी दिसायला लागली. शिस्त आणि आज्ञाधारकपणा कुठवर नेतो ते या माणसाने विशीतच बघितलं होतं.

युद्धानंतर काही काळ जंगलात लाकूडतोड केली, मग हाम्बुर्गला चित्रकला शिकला. १९५३ मध्ये 'श्टेर्न' साप्ताहिकात त्याची एक चित्रमाला आली, त्यात कुत्रे मालक आणि माणसं त्यांची पाळीव प्राणी असं सगळं उलटं. वाचक इतके चिडले की संपादकांनी सात चित्रांनंतर ती बंदच केली. पुढच्या वर्षी झुरिकच्या डिओगेनेस प्रकाशनाने तिचंच पुस्तक काढलं आणि ते नातं आयुष्यभर टिकलं. ती बटाट्यासारख्या नाकाची माणसं तेव्हापासूनची.

टीव्हीवर आला १९६७ मध्ये, स्टुटगार्टच्या वाहिनीवर, तेही आधी दुसऱ्यांच्या कार्टून फिल्म्सची ओळख करून द्यायला. सोफ्यावर बसून बोलायचा, हळूहळू स्वतःच्या गोष्टी घुसवत गेला आणि कार्यक्रम त्याचाच होऊन गेला. मग वुम नावाचा कुत्रा काढला, दिव्यांग मुलांसाठी पैसे जमवणाऱ्या टीव्ही लॉटरीचा. त्या वुमचं गाणं लोरिओनेच गायलं आणि ते १९७३ मध्ये जर्मनीत नऊ आठवडे नंबर एकवर होतं.

पण ज्यासाठी आज त्याचं नाव घेतात ते म्हणजे १९७६ ते ७८ मध्ये रेडिओ ब्रेमेनसाठी (नाव रेडिओ, पण टीव्हीही करतात) केलेल्या टीव्ही कार्यक्रमाचे फक्त सहा भाग. सहाच! लिहिणं, दिग्दर्शन, चित्रं, अभिनय सगळं स्वतःचं, आणि सोबत एव्हलिन हामान. तिच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं खरं तर. ती ब्रेमेनच्या नाटकांत काम करायची, चेहऱ्यावरची रेष न हलवता हसवायची. एका स्केचमध्ये लोरिओ हॉटेलात तिला लग्नाचं विचारतोय आणि त्याच्या तोंडावर शेवयाचा तुकडा चिकटलाय, तो कधी ओठाशी, कधी नाकावर, कधी कपाळावर फिरतोय, ती सांगायला बघते तर हा म्हणतो आत्ता काही बोलू नका. तुम्ही फक्त तिचे डोळे बघा. २००७ मध्ये ती गेली. लोरिओ २२ ऑगस्ट २०११ ला गेला, वय ८७.

प्रश्न : मुलगा स्टुटगार्टला असतो. डिसेंबरमध्ये त्याच्याकडे होतो तर ख्रिसमस ट्री लावताना त्याचे जर्मन मित्र एकच वाक्य म्हणून हसत होते, 'लामेटा' असं काहीतरी. काय भानगड आहे?

"फ्र्यूअर वार मेअर लामेटा." म्हणजे पूर्वी लामेटा जास्त असायचा. लामेटा म्हणजे झाडावर सोडतात त्या चंदेरी झिरमिळ्या. १९७८ च्या डिसेंबरमधला शेवटचा सहावा भाग, होपेनश्टेट कुटुंबाचा ख्रिसमस, त्यात आजोबा (तेही लोरिओच) झाड बघून ही कुरकूर करतात. त्याच भागात पोराला खेळणं म्हणून अणुभट्टी जोडायचा संच मिळतो आणि शेवटी जमिनीला भोक पडतं. आज आजोबांचं वाक्य कुठल्याही गोष्टीला लावतात, पूर्वीच्या दिवाळ्या राहिल्या नाहीत असं आपल्याकडे म्हणतात ना, तसंच. ते टी-शर्टवर छापण्यावरून वारसदार कोर्टात गेले होते, २०१९ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने सांगितलं की एवढ्याशा वाक्याला कॉपीराइट मिळणार नाही.

पुढच्या वेळी गेलात तर मुलाला म्हणावं ऑयगेन्सप्लाट्झ या चौकात घेऊन चल. तिथे लोरिओसाठी खांब उभारलाय आणि त्यावर त्याच्या लाडक्या पग कुत्र्याचा पुतळा आहे.

प्रश्न : एमबीबीएसला आहे. जर्मन मेडिकल डिक्शनरीत त्याने शोधलेला खोटा प्राणी आहे हे खरं का?

शंभर टक्के खरं. 'श्टाइनलाउस', दगडी ऊ म्हणू. एका स्केचमध्ये तो प्राण्यांचा तज्ज्ञ बनून सांगतो की हा बारका जीव दिवसाला २८ किलो काँक्रीट आणि विटा खातो. १९८३ मध्ये 'प्शीरेम्बेल' या डॉक्टर लोकांच्या नेहमीच्या वापरातल्या कोशात त्याची रीतसर नोंद आली, पेट्रोफागा लोरिओटी असं शास्त्रीय नाव देऊन, मुतखड्यावर उपयोगी वगैरे. १९९४ च्या आवृत्तीत काढून टाकली तर वाचकांनी इतका गलका केला की १९९७ मध्ये ती वाढवून परत घातली.

प्रश्न : मला जर्मनचा एक शब्द येत नाही. कुठून सुरुवात करू?

शेवयाच्या स्केचपासून, भाषा लागतच नाही. मग बाथटब, आणि त्यासाठी जर्मन येणारं कुणीतरी शेजारी बसवा, थांबवून थांबवून मराठीत सांगायला लावा, 'तुम्ही' वापरूनच. सिनेमे दोन आहेत, 'ओडिपुसी' १९८८ चा आणि 'पापा आंते पोर्टास' १९९१ चा. दुसरा आधी बघा, रिटायर होऊन घरी बसलेला नवरा घरातल्या सगळ्यांना कसा नको नको करतो त्याची गोष्ट आहे. आणि कधी बर्लिनला जाणं झालं तर हेअरश्ट्रासेच्या स्मशानभूमीत त्याची कबर आहे, लोक तिथे रबराची पिवळी बदकं ठेवून जातात, तुम्हीही एक न्या.