मुंबईत राहून निपाह, झिका अशा नवीन विषाणूंवर काम करायचं तर सुरुवात कुठून करायची?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की तू झूलॉजीच्या सेकंड इयरला आहेस, भांडुपला राहतेस, प्राण्यांतून आणि डासांतून माणसात येणाऱ्या नवीन व्हायरसवर काम करायचंय, आणि पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) बीएसएल-४ लॅबपर्यंत, म्हणजे सगळ्यात घातक जंतूंसाठीच्या सगळ्यात कडक सुरक्षेच्या लॅबपर्यंत पोचायचं तर आत्ता काय करायचं. माझी भाची तुझ्याच वयाची आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मी इथल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सतरा पावसाळे झाले, त्यामुळे जे रोज हाताखालून जातं तेच सांगू शकते.

जून ते ऑक्टोबर आमच्याकडे डेंग्यूच्या सॅम्पलचा ढीग असतो. आता डेंग्यूची एनएस१ टेस्ट (रक्तात व्हायरसचं प्रथिन शोधणारी) तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत चांगली लागते, त्यानंतर आयजीएम (शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी) बघावी लागते, म्हणजे ताप कधी आला हे कळल्याशिवाय कुठली टेस्ट लावायची तेच ठरत नाही, आणि फॉर्मवर नेमका तोच रकाना कोरा असतो. एकदा एका पोराचं सॅम्पल आलं, एनएस१ निगेटिव्ह. मी वॉर्डला तीनदा फोन केला, शेवटी त्याची आई फोनवर आली, म्हणाली घरी गणपती आणला त्या संध्याकाळीच अंग तापलं होतं. म्हणजे आठवा दिवस. आयजीएम लावली तर पॉझिटिव्ह. त्या माउलीने गणपतीवरून दिवस मोजला म्हणून, नाहीतर ते पोर डेंग्यू नाही असंच कागदावर राहिलं असतं.

हे एवढं का सांगतेय, तर नवीन व्हायरस स्वतःचं नाव सांगत येत नाही. तो डेंग्यू, चिकुनगुन्याच्या गर्दीतच उभा असतो. १९६५ मध्ये नागपूरला डेंग्यू-चिकुनगुन्याच्या तापाची साथ चालू होती, त्या रुग्णांची रक्तं तपासताना पुण्याच्या त्याच संस्थेतल्या लोकांना एक वेगळाच व्हायरस मिळाला, तोच चांदीपुरा, नाव नागपुरातल्या वस्तीचं. तो वालुमाशीतून पसरतो. पुढे २००३ ला आंध्रात आणि २०२४ ला गुजरातमध्ये त्याने लहान मुलांचे जीव घेतले. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला लोक तापाने आजारी पडले, चिकुनगुन्याच्या केसेस निघाल्या, अजून खोलात गेल्यावर त्यातच महाराष्ट्राची पहिली झिकाची केस मिळाली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, नव्या आजाराची तयारी करायची असेल तर आधी जुना ताप नीट शीक. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळं निगेटिव्ह आलं आणि पेशंट तर आजारी आहे, अशा सॅम्पलचं काय करायचं हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि तिथे पीसीआर (व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट) पण आंधळा असतो, कारण आपण ज्याचा प्रायमर (त्या व्हायरसशी जुळणारा जनुकीय तुकडा) टाकतो तेवढंच तो दाखवतो. अँटीबॉडीचं तर विचारू नको, डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर एकाच कुळातले, त्यामुळे टेस्टमध्ये एकमेकांची सरमिसळ होते.

दुसरी गोष्ट प्राण्यांची. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, तिथून केएफडीचा (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) शोध लागला, तोच आपल्याकडे २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यात आला, तिथे त्याला माकडतापच म्हणतात, काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना गोचीड चावून होतो. मेलेलं माकड बघून जो माणूस फोन करतो ना, त्याच्यापासून सगळं सुरू होतं. आपल्या मुंबईतही १८९६ च्या प्लेगमध्ये मांडवीच्या गोदामांत उंदीर मरत होते (तो व्हायरस नव्हे, बॅक्टेरिया, पण धडा तोच). म्हणून परळच्या व्हेटर्नरी कॉलेजमधल्या पोरांशी ओळख वाढव, खूप शिकायला मिळेल. फक्त उत्साहात वटवाघळं पकडायला जाऊ नको गं, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या अँटीबॉडीज सापडल्यात, त्या कामाला परवानगी, रेबीजची लस, पूर्ण पीपीई सगळं लागतं.

कोर्सेस म्हणशील तर एनआयव्हीचा एमएस्सी व्हायरॉलॉजी पुणे विद्यापीठाशी जोडलेला आहे, डासांचं काम आवडलं तर पुद्दुचेरीच्या व्हीसीआरसीमध्ये (डासांसारख्या रोगवाहक कीटकांवर काम करणारी संस्था) पब्लिक हेल्थ एन्टोमॉलॉजीची, म्हणजे आजार पसरवणाऱ्या कीटकांच्या अभ्यासाची एमएस्सी आहे. माणसं तिकडे कमी वळतात, मला वाटतं तू वळावंस. बीएसएल-४ पुढे कधीतरी येईल.

आणि त्याआधी, ह्याच आठवड्यात करण्यासारखं एक काम. एक काळा प्लॅस्टिकचा ग्लास घे, अर्धा पाणी भर, आतून ब्लॉटिंग पेपरची पट्टी लाव आणि सोसायटीच्या जिन्याखाली सावलीत ठेव. एडिसची (डेंग्यू, झिका पसरवणाऱ्या डासाची) मादी पाण्याच्या कडेला ओल्या पृष्ठभागावर अंडी घालते, बारीक काळी, भिंगाने दिसतात. चार-पाच दिवसांनी पट्टी काढून मोज, पाणी उकिरड्यावर किंवा सुक्या मातीत ओत, ग्लास घासून धू. आठवड्याच्या वर ठेवायचा नाही, नाहीतर तूच डास वाढवशील. अंडी वाळली तरी महिनोन् महिने जगतात, त्यामुळे पट्टी उकळत्या पाण्यात टाकायची. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा डास हाच, म्हणूनच आफ्रिकेतून येणाऱ्यांचं लसीचं कार्ड विमानतळावर बघतात.

वहीत तारीख, जागा, अंडी किती, पाऊस पडला का, आणि आजूबाजूला उघडं पिंप, ताडपत्री, टायर काय होतं, एवढे रकाने आखून घे. एकही अंडं मिळालं नाही त्या आठवड्यालाही शून्य लिही, रकाना कोरा सोडू नको. पावसाळा संपला की वहीचे फोटो इथे टाक, मी बघेन.