सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतंय: फायब्रोमायल्जियाची प्रश्नोत्तरे

प्रश्न (तासगाव, वय ३८): डॉक्टर, माझी आई आयुष्यभर अंग दुखतंय अंग दुखतंय म्हणत गेली, मावशीचंही तेच. आता मला द्राक्षाची विरळणी केली की चार दिवस उठवत नाही. हे रक्तातूनच आलंय का?

ताई, काही प्रमाणात हो. फायब्रोमायल्जिया म्हणजे महिनोन् महिने अंगभर दुखणं, सोबत थकवा आणि झोपेने न भरून येणारा शीण. २००४ साली अमेरिकेत या आजाराच्या पेशंटच्या सख्ख्या नातेवाईकांची संधिवातवाल्यांच्या नातेवाईकांशी तुलना केली होती, त्यात फायब्रोमायल्जियावाल्यांच्या नातेवाईकांना हा आजार असण्याची शक्यता साडेआठ पट निघाली. जुळ्यांच्या अभ्यासातही अंगभर जुनाट दुखण्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक दिसला. पण निम्माच हां. आईकडून येते ती दुखणं जास्त जाणवण्याची मज्जासंस्थेची सवय, आणि मग एखादा अपघात, मोठं इन्फेक्शन, वर्षानुवर्षं मोडलेली झोप, घरातलं टेन्शन असं काहीतरी वरून पडलं की आजार डोकं वर काढतो, काहींना तर कारण सापडतच नाही. आणि फक्त विरळणीनंतर मान-खांदेच दुखत असतील तर मांडवाखाली दिवसभर हात वर धरून कुणाचेही दुखतील, त्याला हे नाव चिकटवू नका.

प्रश्न (कराड): बायकोला हा त्रास आहे. पुण्याचा भाचा म्हणतो जेनेटिक टेस्ट करून टाका, एकदाच कळेल. करू का?

नको. ज्यावरून निदान होईल असा एक जीनच नाहीये. सीओएमटी नावाचा जीन आणि सिरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित जीन्स यांवर भरपूर अभ्यास झालेत, एकात संबंध दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. त्या पैशात वहिनींना चांगले बूट घेऊन द्या, चालायला लागतील.

प्रश्न (सातारा): सगळे रिपोर्ट नॉर्मल, एमआरआय पण. सासरचे म्हणतात नाटक करते. मग डॉक्टरांनी हे निदान केलं कशावरून?

विचारून आणि तपासून. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषात, तीन महिने अंगभर दुखत असेल तर अंगावरचे १८ ठरावीक पॉइंट अंगठ्याने दाबायचे आणि ११ तरी दुखले की निदान. आता २०१६ चे निकष वापरतात: शरीराचे पाच भाग धरले तर चारात तरी दुखणं, तीन महिने तरी टिकलेलं, शिवाय १९ जागांपैकी किती दुखतात त्याचा स्कोअर, आणि थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, विसरभोळेपणा याचा वेगळा स्कोअर. रक्ततपासणी थायरॉइड, व्हिटॅमिन डी, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) असलं काही सुटत नाहीये ना ते बघायला असते. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट या आजाराच्या विरोधात जातच नाही. मी ओपीडीत एक गोष्ट हमखास बघतो, बीपीचा पट्टा फुगायला लागला की काही पेशंट "आई गं" म्हणून हात ओढून घेतात, बाकीच्यांना तोच पट्टा नुसता आवळल्यासारखा वाटतो. तेवढ्यावर निदान होत नाही, पण सासूबाईंना एकदा सोबत आणा आणि ते बघू द्या, माझ्या भाषणापेक्षा जास्त उपयोग होतो.

प्रश्न (मिरज): एपिजेनेटिक्समुळे होतो असं वाचलं. मला चौथा महिना चालू आहे, बाळाला जाईल का?

जीनची अक्षरं तीच राहतात, पण त्यावर मिथाइलचे बारीक रासायनिक तुकडे चिकटतात किंवा निघतात आणि कुठला जीन किती काम करणार ते बदलतं, हे एपिजेनेटिक्स. लहानपणीचा मार, छळ, मोठा ताण यांचे ठसे असे उमटू शकतात, आणि फायब्रोमायल्जियाच्या पेशंटमध्ये मिथाइलेशनचे फरक दिसलेतही. पण अभ्यास छोटे आहेत, फरकामुळे दुखतं की दुखण्यामुळे फरक पडला तेच अजून ठरत नाही. बाळाला आजारच होईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तुमच्या बाबतीत महत्त्वाचं वेगळंच आहे, या दुखण्यासाठी दिलेली प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिन ही औषधं चालू असतील तर आजच गायनॅकला सांगा, पण अचानक स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न (विटा, पुरुष, ५२): संधिवातासाठीची रक्ततपासणी, आरए फॅक्टर, थोडी पॉझिटिव्ह आलीय. मग संधिवात का फायब्रो? बायकांचाच आजार आहे ना हा?

पुरुषांनाही होतो, फक्त ते उशिरा सांगतात. थोडा आरए फॅक्टर निरोगी माणसातही सापडतो, त्यामुळे सकाळी बोटांचे सांधे सुजतात का, तासभर आखडलेले राहतात का ते बघा. सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जा, दोन्ही आजार एकत्रही असतात. आणि हो, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिनेही स्नायू दुखतात.