रक्ततपासणी होईपर्यंत मुलीची पोळी बंद करू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आमचे ते जुने दिवस जसेच्या तसे समोर आले. आठ वर्षांची मुलगी, लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही, वर्गात उंचीने सगळ्यांत मागे, संध्याकाळी पोट टम्म. कुणीतरी ग्लूटेनचं, म्हणजे गहू-जवातल्या प्रथिनाचं, नाव घेतलं म्हणून दोन आठवड्यांपासून तुम्ही पोळी बंद केलीत, तिला बरं वाटतंय आणि रक्ततपासणी पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही विचारलंय, तोवर गहू बंदच ठेवू ना?

नाही. कृपा करून नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करा, गहू बंद केल्याचं सांगा आणि तपासणीपर्यंत पोळी पुन्हा सुरू करायची का, किती आणि किती दिवस, हे विचारून घ्या. मी डॉक्टर नाही, सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाची आई आहे; ग्लूटेन पोटात गेलं की आतड्याचं आतलं अस्तर झिजतं, तो हा जन्मभराचा आजार. गहू खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही होत असेल तर मात्र घरी काहीही परत सुरू करू नका. ती गव्हाची अ‍ॅलर्जी असू शकते, तिच्या तपासण्या वेगळ्या असतात.

ग्लूटेन कशात असतं वगैरे तुम्ही वाचलंच असणार, ते सोडून देते. ज्या एका गोष्टीने आमच्या मुलाची वाढीची वर्षं खाल्ली, तेवढीच नीट सांगते.

आम्ही ज्या मोठ्या रुग्णालयात गेलो तिथे लक्षणं ऐकून सांगितलं गेलं, "आधी गहू बंद करून बघा. फरक पडला तर टेस्ट करू." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! फरक पडलाही. पोट उतरलं, मुलगा खेळायला लागला. पोटाच्या तज्ज्ञांची तारीख मिळेपर्यंत तीन-चार महिने गेले आणि तोवर घरात त्याच्यासाठी भाकरी आणि भातच होता. मग रक्त घेतलं. टीटीजी, म्हणजे या आजाराची रक्ततपासणी, निगेटिव्ह. फाइलवर ठळक अक्षरांत लिहिलं गेलं की सिलिअ‍ॅक नाही, पोट नाजूक आहे, सर्व आहार द्यावा. आम्ही परत पोळी सुरू केली.

त्या एका ओळीने पुढचे सगळे दरवाजे बंद केले. नंतर ज्या ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी ती ओळ वाचली आणि पान उलटलं. जंतांचं औषध झालं, लोहाची औषधं बदलून झाली, टीबीची शंका घेऊन झाली, "तुम्ही फार काळजी करता" हेही ऐकून झालं. अखेर एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी लसीकरणाच्या कार्डावरच्या आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या उंचीच्या नोंदी मागून घेतल्या आणि आमच्यासमोर वाढीच्या तक्त्यावर एकेक ठिपका दिला. पाचव्या वर्षापर्यंत ठिपके एका रेषेवर होते. तिथून पुढे दर वर्षी एकेक रेष खाली. पेन बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "ती निगेटिव्ह टेस्ट झाली तेव्हा हा गहू खात होता का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तेव्हा तो रोज पोळी खात होता, म्हणून लगेच परत रक्त दिलं आणि आकडा लॅबच्या मर्यादेच्या कितीतरी वर आला.

कारण अगदी सरळ आहे. टीटीजीच्या तपासणीत जी प्रतिपिंडं मोजतात ती पोटात ग्लूटेन जात असेल तरच शरीर बनवत राहतं. गहू थांबला की ती हळूहळू उतरतात. आतड्याच्या आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी असते, तिचे बारीक धागे या आजारात झिजून सपाट होतात, पण गहू बंद झाल्यावर तेही पुन्हा उगवायला लागतात. म्हणजे रक्त आणि बायोप्सी (आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासणं) दोन्ही खोटी ग्वाही देऊ शकतात. लोह शोषलं जातं तेही लहान आतड्याच्या याच सुरुवातीच्या भागात, म्हणून तर औषधाच्या बाटल्या संपतात आणि हिमोग्लोबिन तिथेच राहतं.

तुमचे दोनच आठवडे झालेत, हे चांगलं आहे. प्रतिपिंडं इतक्या झटपट जात नाहीत. ज्यांचा गहू बराच काळ बंद आहे अशा मोठ्या माणसांसाठी अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये रोज साधारण ३ ग्रॅम ग्लूटेन दोन आठवडे, आणि सोसवलं तर आठ आठवड्यांपर्यंत, असं सुचवलं होतं. आपल्या मध्यम आकाराच्या एक-दोन पोळ्यांत तेवढं सहज असतं. मुलांचं गणित वेगळं. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि वयात येताना झपाट्याने वाढणाऱ्या मुलांना असा गहू मुद्दाम खाऊ घालणं शक्यतो टाळतात. म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच.

रक्त देताना टीटीजी-आयजीएच्या जोडीला एकूण आयजीएसुद्धा लिहून घ्या; आयजीए म्हणजे प्रतिपिंडांचा एक प्रकार. सिलिअ‍ॅक असलेल्यांपैकी दोन-तीन टक्के लोकांच्या शरीरात आयजीएच तयार होत नाही, मग टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येणारच. हल्ली काही लॅब शेकडो पदार्थांचं "फूड सेन्सिटिव्हिटी पॅनेल" विकतात, आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजून. त्यात पैसे घालू नका. एखादा पदार्थ आपण खातो एवढंच त्यातून कळतं, तो सोसत नाही हे कळत नाही. माझ्या एका मैत्रिणीने तो कागद प्रमाण मानून मुलाचं दूध, अंडी, शेंगदाणे सगळं तोडलं होतं, ते आठवलं की अजून राग येतो.

एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी उपयोगाची आहे, पण उलट्या दिशेने. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. असतील तर काहीच ठरत नाही, कारण साधारण तीनातल्या एका माणसाकडे ती असतात आणि त्यातल्या बहुतेकांना कधी काही होत नाही. हिचा मोठा फायदा असा की गहू बंद असला तरी उत्तर बदलत नाही.

बायोप्सीची वेळ आली तर आधीच विचारा, किती तुकडे घेणार? आजार आतड्यात ठिगळाठिगळांनी असतो, म्हणून ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन घ्यायचे असतात. मुलांमध्ये टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळच्या रक्तात ईएमए ही दुसरी प्रतिपिंडांची तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे बायोप्सीशिवायही निदान करता येतं. आपल्याकडे जिआर्डियासारखे आतड्यातले परजीवी, ट्रॉपिकल स्प्रूसारखे आतड्याचे दुसरे आजार अशा कारणांनीही आतडं सपाट होतं, म्हणून पुष्कळ डॉक्टर तरीही बायोप्सी करायला सांगतात. मला स्वतःला ते पटतं. जन्मभराचा निर्णय आहे.

"हा पंजाब-हरियाणातला आजार, आपल्यात नसतो" हे तुम्हीही ऐकाल, आम्ही डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सिलिअ‍ॅक सापडला, हे खरं. पण ती जनुकं तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक गहू खाण्यात होता. आता आपल्या घरांत बघा. माझ्या आजीकडे पोळी सणाला व्हायची, रोजची ज्वारीची भाकरी. आज दोन्ही वेळा पोळी, मधे बिस्किट, पाव, नूडल्स. मग आपल्यात नसतो हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

तुम्ही आणि यजमानांनी तपासावं का? हो, आणि मुलीला भावंडं असतील तर त्यांचंही करा, लक्षणं नसली तरी. मुलीचं निदान पक्कं झालं की आईवडील आणि भावंडांमध्ये सिलिअ‍ॅक निघण्याची शक्यता साधारण पाच ते दहा टक्के असते, भावंडांत अधिक. एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे कायमचं सुटलो असंही नाही. मुलांचं काही वर्षांनी परत करतात. माझ्या धाकट्या बहिणीला पोटाची तक्रार कधीच नव्हती. वारंवार तोंड यायचं, थायरॉइडची गोळी चालू होती, अशक्तपणा बाळंतपणाच्या खात्यावर मांडला होता. भाच्यामुळे तिने रक्त दिलं आणि तिचंही पॉझिटिव्ह निघालं.

आणि हे सगळं घरातला गहू हलवायच्या आधी करा. आमच्या सासूबाईंची हाडं ठिसूळ झालेली, मनगट एकदा मोडलेलं. नातवाला पोळी नाही तर मलाही नको, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःहून सोडली. त्यांचंही रक्त बघू या असं डॉक्टर म्हणाले तोवर वर्ष उलटलं होतं. आता तपासणीसाठी परत पोळी खा म्हटलं तर त्या तयार नाहीत, आणि मलाही त्यांच्या वयात आग्रह करवत नाही. निदान होताच कुणीतरी आम्हाला हे एक वाक्य सांगायला हवं होतं.

तपासण्या नीट होऊन सगळं निगेटिव्ह आलं आणि तरीही गव्हाने त्रास होत असेल, तर तोही खराच असतो. त्याला नॉन-सिलिअ‍ॅक ग्लूटेन संवेदनशीलता म्हणतात. त्याची वेगळी टेस्ट नाही, बाकीचं वगळून तिथे पोचावं लागतं. काहींना ग्लूटेनपेक्षा गव्हातलं फ्रुक्टान (एक प्रकारचं कर्बोदक) सोसत नसतं, त्यांना कांदा-लसणानेही पोट फुगतं. पण त्यात आतडं झिजत नाही, थोडा गहू चालूनही जातो. सिलिअ‍ॅकमध्ये कणभरही नको आणि जन्मभर नको. एवढा फरक आहे म्हणून तर निदानासाठी मी इतकी मागे लागतेय.

स्वयंपाकघराचं निदानानंतर बघू, पण काही गोष्टी आत्ताच कानावर असू द्या. खपली गहू हाही गहूच. "जुनं धान्य आहे, सोसतं" म्हणून महाग विकतात, सिलिअ‍ॅकला तो अजिबात चालत नाही. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे वरणातूनही पोटात जातं. डबीवर घटक वाचा. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, गव्हाच्या कुरडया, माल्टची पेयं, नाचणीची म्हणून मिळणारी मैद्याची बिस्किटं, सगळ्यांत गहू किंवा जव सापडतो. आणि गिरणी! आमच्या मुलाचा टीटीजी निदानानंतरही उतरेना तेव्हा कारण तिथे सापडलं. ज्वारी आमचीच, निवडून धुऊन वाळवलेली, पण गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हावर दळलेली. गिरणीवाले काका भले माणूस, म्हणाले पहिलं किलोभर बाजूला काढतो, पण त्याने भागत नाही. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. पुढच्या तपासणीला आकडा उतरलेला होता. पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" लिहिलेलं असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. सुट्या पिठाला असा काही आधार नसतो.

नातेवाइकांच्या "एका घासाने काय होतंय" या प्रश्नावर मी आता वाद घालत नाही. मुलाचा वाढीचा तक्ता फोनमध्ये ठेवलाय, तो दाखवते.

रिपोर्ट आला की टीटीजीचा आकडा, शेजारी छापलेली त्या लॅबची वरची मर्यादा आणि एकूण आयजीए, तिन्ही इथे लिहा. मुलीचं नाव, रुग्णालयाचं नाव झाकूनच टाका. डॉक्टरांना पुढे काय विचारायचं याची यादी आपण मिळून करू. पण आधी तो फोन करा.