दिवसा एजन्सीत इलस्ट्रेशन, रात्री स्वतःचं तैलचित्र: स्वतः शिकलेल्याने दोन्ही कसं सांभाळावं?

इझल (चित्र ठेवायची घोडी) मांडलेलंच राहू द्या. रोज तासभर मिळत असेल तर तो मांडामांड-आवराआवरीतच संपतो. एका बैठकीला एकच काम ठरवा. आधी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसता छायाप्रकाश. हा थर एक-दोन दिवसांत वाळतो. पुढच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत न्या. उलट केलंत तर खालचा तेलकट थर सावकाश वाळत राहतो आणि वरचा तडकतो. स्वतः शिकणाऱ्यांची चित्रं बहुधा इथेच बिघडतात. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून ठेवा. खिडकी उघडी हवीच.

नोकरीचं म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क कंपनीचा. म्हणून स्वतःचं चित्र ऑफिसच्या वेळेत किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अजिबात नको. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. आणि घरच्या चित्रांसाठी ऑर्डर घ्यायची घाई करू नका, गिऱ्हाईक आलं की विषय तेच ठरवू लागतं.