टोकन दिलं आणि मग बीमला तडा दिसला, आता काय करू?

२७ वर्षं जुन्या बिल्डिंगमधला रिसेल फ्लॅट, टोकन देऊन झालंय, आता हॉलच्या बीमला तडा दिसतोय आणि एजंट म्हणतो पुट्टी मारली की झालं, बरोबर ना? आमचाही एजंट हेच म्हणाला होता, अगदी याच शब्दांत.

आधी तडा नीट बघा. भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथे केसाएवढी रेघ असेल तर बहुतेक वेळा प्लास्टरचंच असतं. पण बीमच्या खालून लांबीला सरळ गेलेला तडा, तांबूस डाग, ठोकलं की पोकळ आवाज, असं असेल तर आतली सळई गंजलीय. गंजली की ती फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते, पुट्टीने फक्त पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाकलं जातं.

आम्ही ठाण्यात बघितलेल्या फ्लॅटमध्ये अख्ख्या घराला जुना रंग आणि एकाच बेडरूमला नवंकोरं पीओपी सीलिंग, बायकोला तिथेच शंका आली. एक लाइट काढून भोकातून मोबाईलचा टॉर्च मारला तर वरच्यांच्या बाथरूमखालचा स्लॅब, सळया सरळ उघड्या! मग आपला स्ट्रक्चरल इंजिनिअर नेला (बँकेचा व्हॅल्युअर किंमत काढतो, त्याच्या भरवशावर राहू नका). त्याने हॅमर टेस्ट केली (हातोडीसारखं यंत्र आपटून काँक्रीटची मजबुती बघतात), थोडं काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं, चांगलं काँक्रीट त्याने गुलाबी होतं, आमचं सळईपर्यंत ढिम्म, रंगच नाही, म्हणजे सळईला गंजापासून वाचवायची त्याची ताकदच गेलेली.

आता खरा मुद्दा. बीम-कॉलम एकट्या तुमच्या फ्लॅटचे नसतात, त्यामुळे विक्रेत्याने पन्नास हजार कमी केले म्हणून खूश होऊ नका. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा, उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं. जनरल बॉडीची मिनिट्स पण बघाच. आम्हाला तिथेच कळलं की मोठी दुरुस्ती मंजूर झालीय आणि प्रत्येक फ्लॅटला २ लाख ४० हजार काँट्रिब्युशन आहे, विक्रेता यावर एक अक्षर बोलला नव्हता.

रेराचं (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कोणी सांगितलं असेल तर ते बिल्डरने ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंतच्या दोषांसाठी आहे, तुमच्या केसमध्ये उपयोग नाही.

रिपोर्ट हातात येईपर्यंत अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करू नका, स्टॅम्प ड्युटी परत मिळवायला नाकी नऊ येतात. विक्रेत्याला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर तड्याचे फोटो टाकून ठेवा, तोंडी बोललेलं नंतर कोणाला आठवत नाही. आम्ही अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतलं की आधी मंजूर झालेलं काँट्रिब्युशन विक्रेता भरणार. आणि वरच्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आधी करून घेतलं, कारण वरून पाणी चालू असताना खालून स्लॅब कितीही दुरुस्त केला तरी तो परत पडतोच. वरचे काका तयार व्हायला चार महिने लागले, ते वेगळंच महाभारत.