शेंडा हलत नाही, कारण मुळं पिशवीतच फिरताहेत

जून-जुलैत रोपं लागतात आणि ऑगस्टपासून पत्रं सुरू होतात : रोप जिवंत आहे पण वाढत नाही, पांढरी मुळी (पाणी-अन्न शोषणारी नवी कोवळी मुळं) सुटण्यासाठी काय घालू? दरवर्षी तोच गोंधळ, म्हणून काही प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : गच्चीवर नुकत्याच लावलेल्या जास्वंदीसाठी दुकानदाराने ह्युमिक ॲसिड, समुद्री शेवाळाचा अर्क आणि एक 'रूट बूस्टर' अशा तीन बाटल्या दिल्या. आलटून पालटून घालू का? (पुणे)

नको. ह्युमिक ॲसिडचा हलक्या, सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या मातीत थोडा उपयोग होतो. पण तुमच्या कुंडीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असेल तर वेगळी बाटली कशाला? 'बूस्टर'च्या लेबलवर कोणता घटक किती टक्के आहे ते वाचा. तसं काही लिहिलेलं नसेल तर बाटली परत करा. असली जैव उत्तेजकं (वाढीला चालना देणारी द्रव्यं) 2021 पासून केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे घटक विचारणं हा तुमचा हक्क आहे. आणि एकाच आठवड्यात तिन्ही घातलीत, तर फायदा किंवा नुकसान कशाने झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : मुळं फुटवणारी पावडर लावलेल्या रोपाच्या बुंध्याशी टाकली तर चालेल का? (नाशिक)

नाही. ती छाट कलमाच्या, म्हणजे फांदीचा तुकडा रोवून नवं रोप करायच्या, काडीसाठी असते.

प्रश्न : काळ्या जमिनीत सीताफळ आणि पेरू लावले. रोज सकाळी पाणी देतो, तरी पानं पिवळी पडताहेत. पाणी वाढवू का? (लातूर)

पाणी थांबवा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि रोजच्या पाण्याने भारी जमिनीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती, येतच नाही. बोटभर खोल माती उकरा, मूठ वळा. चिखलासारखा गोळा झाला तर पाणी नको; मूठ उघडल्यावर तो हलक्या दाबाने फुटला तर वाफसा आहे. शिवाय ओल कायम वरच मिळाली तर मुळं खाली जायचे कष्ट घेत नाहीत. दोन पाण्यांतलं अंतर वाढवा, पण दिलेलं पाणी खोल जाऊ द्या.

खड्डा ओल्या मातीत खणला होता का? तसं असेल तर कुदळीने त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी आत साचतं आणि मुळं भिंतीपाशी अडतात. कडेची माती हलक्या हाताने फोडून घ्या. तरीही पिवळेपणा राहिला तर चुनखडीमुळे लोहाची कमतरता असू शकते. ती अंदाजाने ठरवू नका, माती परीक्षण करून घ्या.

प्रश्न : मोठं, तीन वर्षांचं हापूस कलम मुद्दाम जास्त पैसे देऊन आणलं. लावून दोन वर्षं झाली. शेजाऱ्यांचं लहान कलम पुढे गेलं आणि आमचं वाऱ्याने कलतं. खत कमी पडलं का? (रत्नागिरी)

खताचा इथे संबंध नसावा. बहुधा तुम्ही उंची विकत घेतलीत, मुळं पाहिली नाहीत. या विषयावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण कोकणातली कितीतरी कलमं मला अशीच दिसतात.

पिशवीच्या भिंतीला टेकलेलं मूळ वळतं आणि गोल फिरू लागतं. कलम वर्षभराचं असेतो हे वळण कोवळं असतं. तीन वर्षांत ते लाकूड होतं, मग कलम एक मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्यात लावलं तरी मुळं जुनाच फेरा धरून जाड होत राहतात. आडवा आधार मिळत नाही, म्हणून झाड कलतं. पुढे हीच मुळं बुंध्याला आवळतात. जुना माल खपवताना रोपवाटिका उंच शेंडा दाखवतात आणि गिऱ्हाईक भुलतं, याचा मला खरोखर संताप येतो. वर्षभराचं, जोड (कलम बांधलेली जागा) पक्का असलेलं, ठेंगणं कलम घ्या. पिशवीच्या तळातून जाड मूळ जमिनीत घुसलेलं असेल तर ते घेऊ नका.

लावताना पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी कापा. तळाशी मुळांची चकती झाली असेल तर तेवढी छाटा, कडेने दोन-तीन उभे काप द्या, पण मातीचा गड्डा फोडू नका. काठीचा आधार सैल बांधा : खोड थोडं हललं तर मुळं पकड घट्ट करतात. जिथे पाणी कमी आहे तिथे कोय जागेवरच लावून तिथेच कलम बांधावं, म्हणजे सोटमूळ सरळ खाली जातं.

तुमच्या झाडाचं म्हणाल, तर एका बाजूने बुंध्याजवळची माती हाताने दूर करून पाहा. आवळणारं मूळ दिसलं तरी लगेच कोयता घालू नका. कोणतं मूळ तोडायचं हे दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवून ठरवा. चुकीचं मूळ तुटलं तर झाड जाईल.

प्रश्न : ताज्या शेणाने मुळं लवकर धरतात असं ऐकलंय. (सातारा)

चुकीचं ऐकलंय. ताजं शेण कुजताना तापतं आणि हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, बोलावतं. पूर्ण कुजलेलंच वापरा.

प्रश्न : अंगणातल्या संत्र्याच्या कलमाला जोडाजवळून डिंक येतोय. दोन महिने वाट पाहिली. मुळांसाठी कोणतं टॉनिक देऊ? (नागपूर)

दोन महिने का थांबलात? हा डिंक्या असण्याची दाट शक्यता आहे. तो फायटोप्थोरा बुरशीमुळे होतो आणि याच बुरशीने मुळंही कुजतात. टॉनिकने काहीही होणार नाही. जोड मातीत गाडला गेला असेल तर आजच तिथली माती दूर करा. तो जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून भोवती मातीचा कोरडा उंचवटा ठेवून बाहेरून दुसरं आळं करा. बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) किंवा दुसरं बुरशीनाशक लावण्याआधी खात्री हवी. तुमच्या शहरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. सालीचे आणि मुळांचे फोटो घेऊन याच आठवड्यात तिथे जा, आणि तोवर बुंध्यालगतच्या आळ्यात पाणी सोडू नका.